झाकणासाठी अर्ज, आवक क्रमांक एक

“अर्ज करू नकोस,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “एक फरशी आण, त्या खड्ड्यावर टाक आणि विषय संपव. अर्जाच्या नादी लागलीस तर पोर तुझी कॉलेजात जाईल, खड्डा तिथेच राहील.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. खाली त्या राहायच्या, वर आम्ही तिघं. ज्या बाईंनी तीस वर्षं पोरांकडून समास सोडून, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून घेतले, त्याच बाई ‘अर्ज करू नकोस’ म्हणतात, यात काहीतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडले एम. ए. आणि त्यातही माझा खास पेपर होता ‘स्थानिक स्वराज्य संस्था’. त्यात मला बासष्ट मार्क होते. बासष्ट मार्क मिळालेला माणूस फरशी टाकत नाही. तो यंत्रणेला कामाला लावतो.

आज आम्ही मोठ्या शहरात सातव्या मजल्यावर राहतो. इथे सगळ्या गटारांना झाकणं आहेत आणि तक्रार फोनवरून करता येते. केली की लगेच ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा निरोप येतो आणि पुन्हा कुणी आपल्याशी बोलत नाही. असा निरोप आला की मला ते गाव आठवतं. तिथे आपली तक्रार खरोखरच कुणासाठी तरी महत्त्वाची होती. इतकी, की ती नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

खड्ड्याबद्दल सांगते. आमच्या गल्लीखालून गटार जायचं आणि आमच्या पायरीपासून बरोबर चार पावलांवर त्याला एक चौकोनी तोंड होतं. खोली मांडीइतकी. त्यावर पूर्वी झाकण होतं की नव्हतं, यावर गल्लीत दोन मतं होती आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांशी नीट बोलत नसत. नवऱ्याची बदली होऊन आम्ही त्या घरात आलो तेव्हा भिंगरी पाच महिन्यांची होती, त्यामुळे खड्डा हा केवळ एक खड्डा होता. तेराव्या महिन्यात ती चालायला लागली. चालायला म्हणजे थेट धावायलाच, म्हणून तर भिंगरी. माझ्याकडे एक वही होती, तिच्यात मी घरातले आणि दारातले सगळे धोके क्रमवार लिहून ठेवले होते. एकूण चौतीस. खड्डा एक नंबरवर होता. नवरा त्या वहीला हसायचा. पण भिंगरीने त्याच्या बँकेच्या कपाटाची किल्ली खड्ड्यात टाकली, आणि हा टायसकट गल्लीत पालथा पडून ती चिमट्याने काढू लागला, तेव्हा त्याचं हसू थांबलं. समोरच्या दुकानातून शिंपीकाका मशीन थांबवून सल्ला देत होते, “साहेब, डावीकडे. नाही नाही, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे.”

त्याच दुपारी मी अर्ज लिहायला बसले. अडीच पानं झाली. त्यात ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द दोनदा होता.

पालिकेचं कार्यालय वाचनालयाच्या वर होतं. दोन खोल्या. एकीत कपाटं आणि दुसरीत एक माणूस. पूर्वी तिथे सात जण होते म्हणे. एकेक निवृत्त होत गेला, नवीन नेमायला पैसा नाही, मग प्रत्येकाचं काम उरलेल्यांत वाटलं गेलं. शेवटी वाटून घ्यायला एकच जण उरला. हे काका. गावात त्यांना नावाने कुणीच ओळखत नसे. सगळे त्यांनाच ‘कार्यालय’ म्हणत. “कार्यालय जेवायला गेलंय.” “कार्यालयाला सर्दी झालीय, दाखला परवा.” एकदा तर शिंपीकाका म्हणाले, “कार्यालयाच्या विजारीची उंची कमी करायचीय, ती झाली की तुमचा ब्लाउज घेतो.” मी नवीन होते, मला वाटलं पडद्यांबद्दल बोलतायत.

त्या सातही टेबलांवरच्या लाकडी पाट्या काकांनी जपून ठेवल्या होत्या. ‘जन्म-मृत्यू’, ‘कर’, ‘पाणी’, ‘दिवाबत्ती’, ‘आवक-जावक’ वगैरे. ज्या कामाला माणूस येईल त्याची पाटी ते पुढे उभी करत, बाकीच्या खणात. आणि पाटी बदलली की समोरच्याने बाहेर जाऊन, दारावर टकटक करून परत आत यायचं. “तसं नाही केलं ना ताई, तर कुठल्या कामाला कोण आलं याची सरमिसळ होते,” ते म्हणाले. हे ते इतक्या मनापासून म्हणाले की कडेवर भिंगरीला घेऊन मी एका सकाळी चार वेळा बाहेर जाऊन आले.

माझा अर्ज त्यांनी चष्मा पुसून वाचला. मग पानं मागे उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे मला वाटले. पण मला तेव्हा बऱ्याच जणांचे डोळे भरून आल्यासारखे वाटायचे, झोप पुरत नव्हती.

“ताई, अकरा वर्षांत इतका नीट अर्ज आला नाही. लोक तोंडी सांगतात, शिव्या देतात, जातात. तुम्ही समास सोडलाय.” त्यांनी आवक-जावकची पाटी लावली. मी बाहेर जाऊन आले. एक भलंमोठं रजिस्टर उघडून त्यांनी लिहिलं, ‘आवक क्रमांक एक.’ वर्ष संपायला चार महिने राहिले होते.

“म्हणजे झाकण मिळेल?”

“हे पाहा,” शिक्का फुंकत ते म्हणाले, “आता अर्ज आलाय, म्हणजे खड्डा कार्यालयाच्या ताब्यात आला. निर्णय होईपर्यंत जैसे थे. त्यावर फरशी वगैरे काही टाकू नका, ते अतिक्रमण होईल.”

घरी येऊन हे मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी नुसतं आपल्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शाळेतली मुलं कशी सरळ झाली असतील ते मला त्या क्षणी समजलं.

पुढच्या खेपेला काकांनी मला पालिकेचे पैसे समजावून सांगितले. माझ्या पेपरात यावर एकोणीस पानांचं प्रकरण होतं. काकांना पाच वाक्यं लागली.

“आपल्याकडे पैसा तीन प्रकारचा, ताई. एक वरून येतो, पण तो ज्यासाठी येतो ते आपल्याला नको असतं. दुसरा आपला हक्काचा, घरपट्टीचा, तो लोक देत नाहीत. तिसऱ्याला दुर्बल पालिका साहाय्य म्हणतात. त्यात दिव्यांचं बिल भागतं आणि माझा पगार.”

“मग झाकण कशात बसतं?”

“झाकण दुरुस्तीत बसतं. दुरुस्तीचे पैसे शिडीत गेले.”

“शिडी कशाला घेतली?”

“दिवे दुरुस्त करायला.”

“मग दिवे का बंद आहेत?”

“म्हटलं ना, पैसे शिडीत गेले.”

त्या वर्षी पहिल्या प्रकारचा पैसा ‘सुशोभीकरण’ या नावाने आला होता. आदल्या वर्षीही तोच आला होता आणि त्यातून चौकात कारंजं बांधलं गेलं होतं. गावाला पाणी एक दिवसाआड तासभर, त्यामुळे कारंज्याला कुणी पाणी द्यायला धजावलं नाही. शिंपीकाका त्याच्या कठड्यावर धुतलेलं अस्तर वाळत घालत.

सुशोभीकरणातून झाकण घेता येत नाही. पण कुंडी घेता येते. ही कल्पना अध्यक्षांची. पालिकेच्या अध्यक्षांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सभा बहुतेक तिथेच व्हायच्या. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून, बुडबुडे बघत ते म्हणाले, “वहिनी, खड्ड्यावर एक मोठी सिमेंटची कुंडी बसवतो. फूलझाडही होईल, तोंडही बंद होईल. वरचेही खूश, तुम्हीही खूश.” मग स्वतः येऊन त्यांनी खड्डा मोजला. टेप शिडीबरोबर घ्यायची राहून गेली होती, म्हणून विती लावून. पावणेतीन विती भरला. कुंडी बनवणाऱ्याला त्यांनी निरोप दिला, तीन वितीची कर.

कुंडी बनवणाऱ्याचा हात अगदी लहान होता.

ती कुंडी हातगाडीवरून आली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. अध्यक्षांनी चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. दोन झाले असतील, तेवढ्यात चौघांनी ती खड्ड्यावर ठेवली आणि ती अलगद, रोपासकट, खाली गेली. इतकी सफाईने गेली की जणू तिच्याच मापाचा खड्डा खणला होता. वर फक्त दोन पानं दिसत होती. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. तिच्या वयाला सगळंच खड्ड्यात टाकायचं असतं, आणि आज पहिल्यांदाच मोठ्या माणसांनी तिची बाजू घेतली होती.

गटार तुंबलं. दुसऱ्या दिवशी ते शिंपीकाकांच्या दुकानात शिरलं. त्यात एका नवऱ्यामुलाच्या कोटाची एक बाही गेली. “वहिनी,” ते मला म्हणाले, आणि त्या ‘वहिनी’त आदर कमी होता, “तुमच्या पोरीसाठी माझा धंदा बुडवता का?” कुंडी काढायला सायकलच्या दुकानातली साखळी आणि गल्लीतले नऊ पुरुष लागले. कुंडी फुटली. काकांनी नोंद केली, ‘सुशोभीकरण पूर्ण. पुढील देखभाल शक्य नाही.’

आता गल्लीत माझ्याकडे सगळेच बघत. मी पाणी भरायला गेले की बायका थांबत. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, “मी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलंच नाहीत. सुशिक्षित आहात.” या शेवटच्या शब्दाला गल्लीत काय अर्थ होता ते सांगायला नको. नवरा म्हणाला, “आता पुरे. मी रविवारी फरशी टाकतो.” मी म्हटलं, “ते अतिक्रमण होईल.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच भाजी ढवळायला गेले.

मग काकांनीच मार्ग काढला. नियमावलीच्या शेवटच्या पानावर एक जुनी योजना होती. ज्या पालिकेची घरपट्टी वसुली निम्म्याहून वर जाईल, तिला दुरुस्तीसाठी वरून तेवढीच रक्कम मिळेल. आमची वसुली होती शेकडा एकतीस. “एकोणीस टक्के, ताई. लोकांना कुणी नीट समजावून सांगितलं तर देतील. मी सांगितलं तर ते म्हणतात, कार्यालय पैसे मागतंय. तुम्ही सांगितलं तर म्हणतील, आई सांगतेय.” आणि त्यांनी तिथल्या तिथे एक नागरिक समिती नेमली. सदस्य एक. मी.

योजनेचा कागद त्यांनी मला वाचायला दिला नाही. “तुम्ही झाकणाचं बघा, बाकीचं मी बघतो,” म्हणाले आणि तो खणात, पाट्यांच्या खाली ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तीन महिने मी दारोदार हिंडले. एका हातात यादी, दुसऱ्या कडेवर भिंगरी. त्या दिवसांइतकी माणसं मी पुढे कधी पाहिली नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, “आधी दिवा लावा, मग पट्टी देते.” मी कार्यालयात जाऊन सांगितलं, ते म्हणालं, आधी पट्टी द्या मग दिवा लावतो. मी परत नर्सबाईंकडे. असं चार वेळा झाल्यावर भिंगरीच ‘दिवा’ म्हणायला शिकली. तिचा तो तिसरा शब्द. पहिले दोन ‘बाबा’ आणि ‘खड्डा’. ‘आई’ अजून व्हायचं होतं. शेवटी नर्सबाईंनी पट्टी दिली. कारण काय, तर “तुमची पोर मला रोज दिवा दिवा करते, मला रुग्णांकडे लक्ष देता येत नाही.”

शिंपीकाकांचं घर कागदोपत्री गोठा होता. चाळीस वर्षं ते गोठ्याची पट्टी भरत होते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मी म्हटलं, “काका, घर म्हणून नोंदवा.” ते म्हणाले, “वहिनी, बायको म्हणते त्याला गोठाच. मी कशाला खोटं सांगू?” पण महिन्याभराने ते स्वतःच कार्यालयात जाऊन आले. का, ते मला सांगितलं नाही. मला वाटतं कारण होतं तो फळा.

काकांनी वाचनालयाच्या दारावर एक फळा टांगला होता आणि रोज संध्याकाळी पाच वाजता त्यावर खडूने वसुलीचा आकडा लिहीत. छत्तीस. एकेचाळीस. आधी कुणी पाहत नसे. मग सायकलच्या दुकानात चर्चा सुरू झाली. मग म्हातारी माणसं साडेचारपासून कट्ट्यावर येऊन बसू लागली. चव्वेचाळीस लिहिलं त्या दिवशी कुणीतरी शिट्टी मारली. काका कधी हसले नाहीत. आकडा लिहायचे, हात झटकायचे, दोन पावलं मागे जाऊन अक्षर सरळ आलंय का बघायचे. आकडा वाढेल तसे ते जरा गप्प होत चालले होते. मला वाटायचं, दमले असतील.

एकोणपन्नास झाले तेव्हा मला कळलं की आमच्या घराची नोंदच नाही.

यादीत आमच्या डावीकडचं घर होतं, उजवीकडचं होतं, मधे काहीच नव्हतं. काकांनी नकाशा पसरला. आमच्या घराच्या जागी एक झाड काढलेलं होतं. “ताई,” ते हळूच म्हणाले, “जे घर नाही त्याच्या दारासमोर खड्डा असू शकत नाही. अनुदान आलं तरी झाकण तिथे लावता येणार नाही.”

मोठ्या बाईंनी बावीस वर्षांपूर्वी ते घर बांधलं. नोंदणीला गेल्या तेव्हा त्या टेबलाचे गृहस्थ रजेवर होते. बाई दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा जाणं मुख्याध्यापिकेच्या प्रतिष्ठेला शोभेना, म्हणून राहिलं ते राहिलंच. आणि दरवर्षी ते सांगायची लाज वाढत गेली. ‘अर्ज करू नकोस’ यामागे एवढंच होतं.

त्याहून मोठा पेच पुढे होता. घर नोंदवलं की बावीस वर्षांची पट्टी मागणीत, म्हणजे लोकांकडून येणं असलेल्या एकूण रकमेत, धरायची. मागणी वाढली की वसुलीचा टक्का खाली येणार. म्हणजे घर नोंदवलं नाही तर अनुदान येईल पण झाकण लागणार नाही, आणि नोंदवलं तर झाकण लागू शकेल पण अनुदान येणार नाही. मी कागदावर तीन वेळा मांडून पाहिलं. बासष्ट मार्कांनी माझी साथ सोडली.

“बाईंनी सगळी बाकी एकदम भरली तरच,” काका म्हणाले.

मी बाईंशी बोलायला गेले. कसं बोलावं हे पायऱ्या उतरताना पाठ केलं होतं. पण त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर मी थेट म्हणाले, “बाई, तुमचं घर झाड आहे.”

त्यांनी पुस्तक मिटलं. “तुला मी भाडेकरू म्हणून ठेवलं होतं. तपासणी अधिकारी म्हणून नाही.” त्यानंतर अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंगरीशी मात्र बोलायच्या, मला ऐकू जाईल असं. “काय गं, तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय.”

बाराव्या दिवशी सकाळी भिंगरीला खाली बंद दाराआड पायरीवर बसवून मी वरून कपडे आणायला गेले. दीड मिनिट. मी नंतर घड्याळ लावून मोजलं, दीडच. खाली आले तर दार उघडं आणि भिंगरी पायरीवर नाही. ती गल्लीत होती, हातात माझं पाकीट, आणि पूर्ण वेगाने खड्ड्याकडे निघाली होती. तेवढ्यात खालच्या दारातून मोठ्या बाई सुटल्या. एकोणसत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, शाळेत कुणी पळालं तर छडी मारणाऱ्या बाई पळाल्या. त्यांनी पोरीला दंडाला धरून उचललं, आणि त्याच झोकात त्यांचा उजवा पाय खड्ड्यात गेला, मांडीपर्यंत. पोर त्यांनी डोक्याच्या वर धरून ठेवली होती. पाकीट गेलं.

पाय मोडला नाही, पण घोटा चांगलाच लचकला. नर्सबाईंनी पट्टी बांधली. मी रडत होते. बाई म्हणाल्या, “रडतेस काय? जा, त्या कार्यालयाला बोलावून आण. आणि म्हणावं, पावतीपुस्तक घेऊन ये.”

काका आले ते पिशवीत पाट्या घेऊनच. बाईंच्या पलंगापाशी त्यांनी ‘घर नोंदणी’ची पाटी ठेवली. नोंदणी झाली. मग ‘कर’ची पाटी लावायची वेळ आली आणि ते थबकले. नियमाने बाईंनी बाहेर जाऊन परत आत यायला हवं होतं. काकांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि स्वतःच बाहेर गेले. टकटक झाली.

“या,” बाई म्हणाल्या.

“नमस्कार, मी कराच्या कामासाठी आलोय,” काका म्हणाले.

दोघांपैकी एकही हसलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला.

घोटा बरा होईपर्यंत बाईंनी खड्ड्यावर एक फळी टाकली, फळीवर खुर्ची आणि खुर्चीवर स्वतः बसल्या. सकाळी आठ ते अकरा, दुपारी तीन ते सहा. मी काकांना घाबरत विचारलं, अतिक्रमण होतं का? त्यांनी पुस्तक पाहून सांगितलं, “बसलेला नागरिक अतिक्रमणात मोडत नाही.” मग गल्लीतली पोरं तिथेच पाढे म्हणायला येऊ लागली. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात निर्धास्त.

वर्षअखेरच्या संध्याकाळी वाचनालयासमोर शंभर एक माणसं होती. काकांनी फळ्यावर लिहिलं, पन्नास पूर्णांक तीन. शिंपीकाका मला म्हणाले, “वहिनी, जिंकलो की.” अध्यक्षांनी सायकलच्या घंट्या वाजवल्या, हाताला लागतील तेवढ्या. काकांनी अक्षर सरळ आलंय का पाहिलं आणि वर जाऊन दिवा मालवला.

वरून पत्र यायला चार महिने लागले. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात पालिकेचं अभिनंदन आणि दुरुस्तीची रक्कम मंजूर. दुसऱ्यात लिहिलं होतं की वसुली निम्म्यावर गेल्यामुळे ही पालिका आता दुर्बल राहिलेली नाही, सबब दुर्बल पालिका साहाय्य बंद करण्यात येत आहे. आणि साहाय्याशिवाय एवढी लहान पालिका स्वतंत्रपणे चालू शकत नसल्याने ती शेजारच्या मोठ्या पालिकेत विलीन करण्यात येत आहे. कर्मचारी, संख्या एक, अतिरिक्त.

मी तशीच कार्यालयात गेले. “काका, हे तुम्हाला माहीत होतं?”

“योजनेच्या मागच्या पानावर आहे,” ते म्हणाले.

“मग रोज आकडा का लिहीत होतात?”

ते पाट्या पुसू लागले. “ताई, अकरा वर्षं मी एकतीस टक्के सांभाळून माझा पगार घेतला. लोकांनी पट्टी दिली नाही की माझं भागायचं. असं बसणं काही बरं नव्हे. आणि तुमची पोर चालायला लागली होती.”

माझ्या पेपरात असा प्रश्न नव्हता.

झाकण आलं. ओतीव लोखंडाचं, जड, मापात अगदी नेमकं. त्यावर ठळक अक्षरात पालिकेचं नाव होतं. ते बसवलं त्या दिवशी पालिका बंद होऊन नऊ दिवस झाले होते. भिंगरीने त्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या आणि मग तिचा त्यातला रस संपला. पुढच्याच महिन्यात नवऱ्याची बदली झाली.

आता ती सहा वर्षांची आहे आणि माझी वही एकशे बारावर गेली आहे. काका मोठ्या गावच्या पालिकेत गेले नाहीत. वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडेच राहिली, कारण ती परत कुणी मागायची हे पत्रात नव्हतं. ते मागच्या खोलीत राहतात, सकाळी दार उघडतात, वर्तमानपत्रं लावतात. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्यांचं भिंगरीला पोस्टकार्ड यायचं. वर कोपऱ्यात जावक क्रमांक आणि खाली चार ओळी, कुणाचा दाखला अडलाय, पाणी किती वेळ आलं, अशा. शेवटचं आलं त्यावर सत्तेचाळीस होतं. त्याला आता अडीच महिने झाले.

गावातले जे नंबर माझ्याकडे होते, त्यातला एकही फोन लागत नाही. मोठ्या बाई गेल्या वर्षीपासून पुतण्याकडे राहतात. शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या गावी हलवलं. मी स्वतः जाणार होते, पण भिंगरीला कांजिण्या आल्या आहेत आणि तिला सोडून कसं निघणार.

म्हणून हे लिहिलं. वाचनालयाचं दार हिरवं आहे, बस थांबते तिथून उजवीकडे, पिठाच्या गिरणीला लागून. तुमच्यापैकी कुणी तिकडून जाणार असाल तर दहा मिनिटं उतरा. मागच्या दाराने जा. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, जोरात वाजवा. ते म्हणतील सगळं ठीक आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, चूल पेटलेली दिसते का बघा, औषधं वेळेवर घेतात का विचारा, आणि मला कळवा.